तीन कोर मोकळे, तरी डेडलाइन हुकते

प्रश्न : चार कोरच्या (चार गणनकेंद्रे असलेला प्रोसेसर) बोर्डावर लिनक्सच्या शेड-डेडलाइनमध्ये, म्हणजे ज्याची डेडलाइन जवळ त्याला आधी कोर देणाऱ्या शेड्यूलरमध्ये, पाच टास्क आहेत. चार छोटे, दर 10 मिलिसेकंदांनी 1 मिलिसेकंद चालणारे; प्रत्येकाची डेडलाइन म्हणजे त्याची पुढची पाळी. पाचवा दर 11 मिलिसेकंदांनी 10.5 मिलिसेकंद घेतो. एकूण भार (कामाचा वेळ भागिले पाळीचा वेळ, यांची बेरीज) 1.35 कोर, म्हणजे क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) पाचही टास्क स्वीकारले, तरी मोठ्याची डेडलाइन हुकते. शेड्यूलरमध्ये बग आहे का?

उत्तर : नाही. पाचही एकाच क्षणी तयार झाले, की छोट्यांची डेडलाइन 10 व्या मिलिसेकंदावर आणि मोठ्याची 11 व्या. जवळची डेडलाइन आधी या नियमाने चारही कोर छोट्यांना जातात. मोठा 1 ला सुरू होऊन 11.5 ला संपतो. एक टास्क एका वेळी एकाच कोरवर चालतो, त्यामुळे नंतर मोकळे पडलेले तीन कोर त्याच्या काहीच कामाचे नाहीत. धाल आणि ल्यू या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवलेली हीच ती अडचण. आठ कोर आणि आठ छोटे टास्क घेतले तरी ती सुटत नाही.

कर्नल फक्त भारांची बेरीज तपासतो : ती चार कोरांच्या 95 टक्के, म्हणजे 3.8 च्या आत हवी. त्यावर विसंबू नका. कोरसंख्या म आणि सर्वांत जड टास्कचा भार उ धरून, एकूण भार म − (म−1) × उ याच्या आत असेल तर डेडलाइन नक्की पाळल्या जातात. इथे ही मर्यादा 1.14 येते, आणि आपला भार 1.35 आहे.

मोठ्याला स्वतंत्र कोर द्या, चारही छोटे दुसऱ्या एकाच कोरवर बसवा (भार 0.4). टास्कसेटने (टास्कला ठरावीक कोरला बांधणारी आज्ञा) बांधायला गेलात तर कर्नल नकार देईल. एक्सक्लुझिव्ह सीपीयूसेट, म्हणजे फक्त त्या टास्कांसाठी राखून ठेवलेला कोरांचा गट, करावा लागतो. तिथेही एक खाच आहे : 10.5 भागिले 11 म्हणजे 95.45 टक्के, कर्नलच्या 95 टक्के मर्यादेच्या जरा वर. ती 98 टक्क्यांपर्यंत वाढवा आणि त्या कोरवरचे इंटरप्ट (उपकरणांकडून येणारे, काम मध्येच थांबवणारे संकेत) दुसरीकडे हलवा.

प्रश्न : मग प्रत्येक टास्क कोरला बांधूनच टाकावा का?

उत्तर : बहुतेक वेळा हो, आमचा कल तिकडेच. पण 10 मिलिसेकंदांत 6 घेणारे पाच टास्क चार कोरांवर असे बसत नाहीत, भार 75 टक्केच असूनही : एका कोरवर दोन ठेवले तर 10 मध्ये 12 लागतात. तेव्हा पाचव्याचे 3-3 मिलिसेकंदांचे दोन थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारे भाग) करा. पहिला एका कोरवर, 5 मिलिसेकंदांच्या डेडलाइनसह. दुसरा वेगळ्या कोरवर, टायमरने बरोबर 5 मिलिसेकंदांनी सुरू होणारा, त्यालाही 5 ची डेडलाइन. दोन्ही कोरांवर दर 10 मिलिसेकंदांत 9 भरतात. मात्र हे 6 आणि 3 सगळे कोर राबत असताना मोजलेले हवेत; कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आणि मुख्य मेमरी सामायिक असल्याने एकट्याने चालवून मोजलेला वेळ कमी दिसतो.