वाचकांचे प्रश्न : जपानी प्रोग्रेसिव्ह रॉक आणि हरवलेली सम

प्रश्न : मी तबला शिकतो. ‘टोक्यो घूल’ या अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या) शीर्षकगीतावरून मी जपानी रॉककडे वळलो आणि पुढे ‘प्रोग्रेसिव्ह’, म्हणजे लांब रचना आणि बदलत्या लयीचे रॉक, म्हणून जे जे समोर आले ते ऐकत गेलो. मात्र एका बँडचे दुसऱ्याशी काहीच जुळत नाही आणि मात्रा मोजायला बसलो की सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सापडत नाही. हा खरोखर एकच प्रकार आहे का, आणि तो ऐकावा कसा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण ऐकलेले 2014 सालचे ते गीत टीके या गायक-गिटारवादकाचे आहे. 2002 साली साइतामा येथे सुरू झालेल्या ‘लिंग तोसिते सिगुरे’ या तिघांच्या बँडचा तो सूत्रधार आहे. कर्मठ रसिक या बँडला प्रोग्रेसिव्ह म्हणणार नाहीत, कारण लांबलचक रचना आणि कीबोर्डचा थाट त्यांच्याकडे नाही. परंतु स्त्री आणि पुरुष अशा दोन चढ्या आवाजांची झटापट आणि चार-साडेचार मिनिटांत तीनदा पालटणारी लय ऐकली की हे सोवळेओवळे फार ताणण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

सम न सापडण्याचे कारण आपल्या तालमीतच आहे. रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा मात्रा आपल्याला अवघड वाटत नाहीत, कारण एकदा धरलेले आवर्तन बंदिश संपेपर्यंत कायम राहते आणि कलाकार कितीही दूर गेला तरी समेवर परततो, याची श्रोत्याला खात्री असते. या संगीतात मात्रांची संख्या विषम असते एवढेच नव्हे, तर ती एकाच रचनेत वारंवार बदलते. सातांचा तुकडा दोनदा येतो, लगेच पाचांचा येतो आणि मग सरळ चार मात्रांवर सगळे मोकळे होते. म्हणून आवर्तन शोधू नये. हाताने केवळ मात्रेची चाल धरून ठेवावी आणि कोणता स्वरसमूह पुन्हा येतो त्याकडे लक्ष द्यावे. येथे समेचे काम बहुधा तो स्वरसमूहच करतो.

या दृष्टीने सर्वांत कसदार नाव तात्सुया योशिदा या ड्रमवादकाचे. 1985 साली त्यांनी सुरू केलेल्या ‘रुइन्स’मध्ये केवळ ड्रम आणि बास गिटार एवढीच वाद्ये होती. गिटार नाही, कीबोर्ड नाही, तरीही दोघे इतक्या नेमकेपणाने एकत्र वळणे घेतात की तबलावादकाला तिहाईची (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याची) आठवण यावी. फरक इतकाच की येथे तिहाई संपल्यावर विसावा मिळेलच, याची शाश्वती नसते. पुढे 2004 नंतर योशिदा ध्वनिमुद्रित साथीसह एकट्यानेही हे संगीत सादर करू लागले. त्यांचाच ‘कोएन्जी ह्याक्केई’ हा 1991 पासूनचा बँड अधिक भरगच्च आहे. फ्रान्समधील ‘माग्मा’ या बँडचे प्रमुख क्रिस्टियान वांदेर यांनी स्वतः रचलेल्या भाषेत गाण्याची जी प्रथा पाडली, तिचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो. समूहगायन, कीबोर्ड, बास आणि त्याखाली योशिदांचे अविश्रांत ड्रम, आणि शब्द मात्र कोणत्याच देशाच्या भाषेचे नाहीत. मराठी, कन्नड आणि तेलुगू गाणी एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला शब्द कळले नाहीत म्हणून अडायला होऊ नये. 2005 आणि 2018 या वर्षी आलेल्या त्यांच्या अल्बमांपैकी कोणताही एक घ्यावा, मात्र एका बैठकीत संपूर्ण ऐकण्याचा हट्ट धरू नये.

हे फारच दाट वाटले तर ‘केन्सो’ ऐकावे. 1974 साली शाळकरी मित्रांतून उभा राहिलेला हा बँड जॅझच्या अंगाने जाणारे, मुख्यतः वाद्यसंगीत वाजवतो, आणि त्याचे संगीतकार-गिटारवादक योशिहिसा शिमिझु हे व्यवसायाने दंतवैद्य आहेत. दोन कीबोर्डवादकांमुळे त्यांच्या रचनांत सुरावटींचा पोत संपन्न होतो. विषम मात्रा आहेत, पण त्या कानाला बोचत नाहीत. माझ्या मते नव्या श्रोत्याने येथूनच आरंभ करावा. याच्या दुसऱ्या टोकाला केइको कुमागाई यांचा ‘आर्स नोव्हा’ आहे, ज्यात गिटारला जवळजवळ रजा देऊन ऑर्गन आणि सिंथेसायझर यांच्यावर नाट्यमय, काहीसा भयसूचक डोलारा उभा केलेला आहे. ‘तो’ (toe) आणि ‘मोनो’ या बँडांची नावे आपल्याला सुचवली गेली असतील तर ती पोस्ट-रॉकची, म्हणजे गाण्यापेक्षा वाद्यांच्या वातावरणावर भर देणाऱ्या रॉकची, आहेत. ती चांगली आहेत, परंतु मात्रांच्या आपल्या शंकेशी, विशेषतः ‘मोनो’चा, फारसा संबंध नाही.

प्रश्न : हे सगळे सत्तरच्या दशकातील ब्रिटिश बँडांचे अनुकरण नव्हे काय?
– एक वाचक, साखर पेठ

उत्तर : आरंभी बऱ्याच अंशी होते. 1979 साली आपला अल्बम काढणाऱ्या ‘शिन्गेत्सु’वर ‘जेनेसिस’ या ब्रिटिश बँडची छाया कोणालाही ओळखू येईल, आणि ‘फार ईस्ट फॅमिली बँड’ने, ज्यात पुढे जगप्रसिद्ध झालेले कितारो कीबोर्ड वाजवत असत, 1976 साली जर्मन संगीतकार क्लाउस शुल्झ यांच्या निर्मितीखाली अल्बम केला. मात्र इंग्लंडमध्ये पंक या साध्या, आक्रमक रॉकच्या लाटेने हा प्रकार मागे पडल्यावर जपानमध्ये तो टिकून राहिला. ‘किंग रेकॉर्ड्स’च्या ‘नेक्सस’सारख्या शाखांनी ऐंशीच्या दशकात असे बँड प्रसिद्ध केले. त्यामुळे पुढच्या वादकांना मूळ घराणे दूरचे आणि स्थानिक उदाहरण जवळचे झाले. ‘रुइन्स’ ऐकून कोणी ‘येस’ या ब्रिटिश बँडची नक्कल म्हणेल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : ‘किकागाकु मोयो’ या जपानी बँडमध्ये सतार ऐकली. ते शास्त्रीय संगीत आहे का?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. 2012 साली टोक्योत सुरू झालेला हा सायकेडेलिक (गुंगी आणणाऱ्या, स्वप्नवत नादाच्या) रॉकचा बँड होता. त्यातील र्यू कुरोसावा यांनी भारतात येऊन सतारीचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे त्यांचा मिंडेवरील हात केवळ शोभेचा वाटत नाही. परंतु रागविस्ताराची अपेक्षा धरून ऐकू नये, कारण येथे सतार गिटारच्या शेजारी बसून एकाच स्वरावर गुंजत राहणाऱ्या रचनेला रंग देते. 2022 साली आपला शेवटचा अल्बम काढून आणि दौरा पूर्ण करून या बँडने काम थांबवले.