आधी सासूला विचार

अगं, बाळांच्या कुपोषणावरच्या योजनेचा आराखडा कागदावर उतरवायच्या आधी निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांना वेळ विचार. सकाळी अकराची बैठक म्हणजे त्यांची मजुरी बुडाली, मग येणार कोण? विड्या वळता वळता त्या मोकळं बोलतात, तूच जाऊन उंबऱ्यावर बस. सासूला तर सोडूच नकोस. बाळाच्या तोंडात काय जायचं ते तीच ठरवते. माझी पहिली योजना तिथंच आपटली होती. दंड मोजायची पट्टी आईच्या हातात दे. सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा बारीक, म्हणजे पट्टीवर लाल, तीव्र कुपोषण. हे तिनं स्वतः बघितलं की उपाय तीच सुचवते. तायी कार्डावरचं, म्हणजे कर्नाटकातल्या आई-बाळाच्या आरोग्य कार्डावरचं, कन्नड जमत नसेल तिला मराठीत वाचून दाखव. (तायी म्हणजे आई, आपली ताई नव्हे!) बापांना मात्र रविवारीच गाठ.