ताडपत्रीखालची आर-वन-फाइव्ह

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे यामाहाची आर-वन-फाइव्ह मोटरसायकल आहे, पहिल्या मॉडेलची. निळी. 2011च्या अक्षय्य तृतीयेला घेतली. तेव्हा मी लोट्याच्या एमआयडीसीत कामाला होतो, चिपळूणला खोली करून राहायचो. दोन वर्षांचा बोनस साठवून घेतलेली गाडी. रनिंग 71 हजार. 2021च्या महापुरात ती चिपळुणात सीटच्या वर पाण्यात होती. तीन दिवसांनी चिखलातून ओढून काढली, इंजिन खोलून साफ केलं, चालू झाली. पुढे नोकरी सोडून मी वेळणेश्वरला घरी आलो. चार खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. गाडी आता पडवीत ताडपत्रीखाली असते. पंधरा दिवसांतून एकदा गुहागरला नेतो, कधी तवसाळच्या जेट्टीवरून फेरीबोटीने जयगड आणि तिथून आरे-वारेवरून रत्नागिरी. गेल्या दोन पावसाळ्यांपासून ती चालताचालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपली आपण चालू होते. मेकॅनिक म्हणतो, इंजिन एक नंबर आहे, विकू नका. शोरूमवाला म्हणतो, जीएसटी उतरलाय, जुनी द्या नवी न्या. भाचा म्हणतो, मामा दोन वर्षं थांब, इलेक्ट्रिक येतायत. बायको म्हणते स्कूटर घ्या, निदान बाजारहाट तरी होईल. येत्या मे महिन्यात पासिंग संपतंय. बदलू की थांबू?

— एक वाचक, वेळणेश्वर

उत्तर : तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला, तो आधी सांगतो. ताडपत्री.

लाडकी गाडी म्हणून आपण ती झाकून ठेवतो आणि तिथेच तिचं वाटोळं होतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते लोखंडावर बसतं. मिठाचा गुण तुम्हाला स्वयंपाकघरात माहीत आहेच, जूनमध्ये बरणीतलं मीठ कसं पाझरतं ते. गाडीवर बसलेलं मीठ तसंच हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे वरून थेंब पडला नाही तरी लोखंड ओलंच. त्यावर प्लास्टिकची ताडपत्री टाकली की खालची वाफ बाहेर जायला वाट नाही. चालती गाडी तापते, वारा खाते, सुकते. उभी गाडी कुजते. वेळणेश्वरला तर पडवीतून लाटा ऐकू येत असतील. झाकायचीच असेल तर जुनी सुती चादर टाका, चारी बाजूंनी वारा लागेल अशी.

आता तुमच्या मेकॅनिकचं. तो खोटं बोलत नाही. या गाडीचं इंजिन खरंच चिवट. 2008 साली ती आपल्याकडे आली तेव्हा दीडशे सीसीच्या गाडीला पाण्याने थंड होणारं इंजिन, फ्युएल इंजेक्शन आणि सहा गिअर ही चैन वाटायची. माझ्या गॅरेजात पहिली आली तेव्हा तिचा रेडिएटर बघायला शेजारचे रिक्षावालेसुद्धा जमले होते. ऑइल वेळेवर बदललं तर 71 हजार म्हणजे तिला काही म्हातारपण नाही. पण किनाऱ्यावर गाडी इंजिनाने मरत नाही हो. चौतीस वर्षं रत्नागिरीत पाने फिरवले, इंजिन संपलं म्हणून भंगारात गेलेल्या गाड्या मी बोटांवर मोजेन. चेसिस खाल्ली म्हणून, टाकी गळली म्हणून, वायरिंग सडलं म्हणून गेलेल्या मोजायच्या नाहीत.

माझीच गोष्ट आहे. एक जुनी टू-स्ट्रोक होती, लग्नाच्या आधीपासूनची. लोक रस्त्यात थांबवून किंमत विचारायचे, मी हसायचो. इंजिन असं की पहिल्या किकला. एका श्रावणात आरे-वारेच्या उतारावर, डाव्या हाताला खाली समुद्र आणि मागे बायको, असा चाललो होतो. मागचं चाक अचानक बाजूला सरकल्यासारखं झालं. वेग कमी होता म्हणून बचावलो. उतरून बघतो तर मागचं चाक धरणारा चिमटा चेसिसला बसतो तिथला पत्रा फाटलेला, आत नुसता लाल भुगा. वरून मी दरवर्षी रंग मारत होतो! मेकॅनिक मी, आणि स्वतःच्या गाडीची टाकी सहा वर्षांत उतरवली नव्हती. बायको घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तो अर्धा तास अजून आठवतो.

म्हणून बदलू की थांबू याचं उत्तर मी द्यायच्या आधी तुम्ही एक रविवार काढा. सीट काढा, बाजूची फायबर काढा, टाकी उतरवा. जमत नसेल तर त्याच मेकॅनिकला बसवा, पण शेजारी स्वतः बसा. मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीने चेसिसवर ठोकत जा. मागचा शॉकअप बसतो ती जागा, चिमट्याचा बोल्ट, स्टँडचं बूड, फूटरेस्टचे जोड, आणि मागच्या मडगार्डच्या वर जिथे चिखल साचून राहतो तो कोपरा. चांगलं लोखंड टणकन वाजतं. खाल्लेलं लोखंड बद्द आवाज देतं, एकदा ऐकलात की विसरणार नाही. रंग पुरीसारखा टम्म फुगलेला दिसला तर टोकाने फोडा. खाली तांबूस पावडर आहे पण धातू घट्ट लागतोय, तर घासून प्रायमर आणि रंग, काम भागलं. टोक आत गेलं तर भागलं नाही. वेल्डिंगवाला तुम्हाला पट्टी मारून देतो म्हणेल. स्टँडला मारू द्या. चिमट्याच्या आणि शॉकअपच्या जागी पट्टी मारलेल्या स्पोर्ट्स गाडीवर मी माझ्या पोराला बसवणार नाही, तुम्हीही तुमच्या बसवू नका.

टाकीच्या तळाला आतून टॉर्च मारून बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून गाडी पावसाळाभर उभी असेल तर वरच्या रिकाम्या भागात दव धरतं, खाली उतरतं आणि तळ गंजतो. तो गंज पुढे गाडीच्या फ्युएल पंपाच्या जाळीत. तुमच्या 2011च्या गाडीचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. बोटाने दाबून कडक किंवा चिकट लागले तर आजच बदला, ते काही महाग काम नाही. पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकायला लागलं तर मग मला पत्र लिहायला वेळ मिळायचा नाही.

आता मध्येच बंद पडण्याचं. गाडी समोर नसताना सांगतोय, पण मला पुराचाच वास येतो. 22 जुलै 2021 नंतर चिपळूणच्या गाड्या आमच्याकडे टेम्पो भरभरून आल्या होत्या. इंजिनातला चिखल सगळ्यांनी काढला. कपलरमधला कोणी काढला नाही. वायरिंगचे ते पांढरे-काळे प्लास्टिकचे जोड असतात ना, त्यांच्या आत वाशिष्ठी नदीचा गाळ बसतो. दमट हवेत तो ओला होतो, पितळेच्या पिनांवर हिरवी बुरशीसारखी कळा चढते, आणि करंट कधी जातो कधी जात नाही. गाडी तापली की पीन सैल, निवली की पुन्हा घट्ट. तुमचा अर्धा तास तिथून येत असणार. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा किंवा सेन्सरचा एक जोड असा झाला की गाडी बंद, आणि मेकॅनिक प्लग बदलत बसतो. सगळे कपलर एकेक करून उघडायचे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, हिरव्या झालेल्या पिना नव्या टाकायच्या, इंजिनच्या अर्थ वायरचं टोक घासून पुन्हा आवळायचं. दिवसभराचं कंटाळवाणं काम आहे, म्हणून कोणी करत नाही. मजुरी दुप्पट द्या आणि करून घ्या. वायरींचं कवच सोलून बघितलं आणि आतली तांब्याची तार काळी निघाली तर मात्र सगळं किटच बदलायला लागेल. ते तुमच्या मॉडेलचं अजून मिळतं का, हे आधी विचारून घ्या, मगच गाडी खोला. अर्धी खोललेली गाडी पार्टची वाट बघत गॅरेजात वर्ष काढते, माझ्याकडे अशा दोन आहेत.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी मोडीत गेली असं नाही. आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. नमुना 25चा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. पर्यावरण कर भरावा लागतो, विमा आणि पीयूसी चालू लागतं, आणि तुमची गाडी एप्रिल 2019च्या आधीची, तेव्हा नवी सुरक्षा नंबरप्लेट लावली नसेल तर ती आधी. मुदत गेल्यावर गेलात तर महिन्यागणिक दंड चढतो. एजंटाकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण गाडी तपासायला लागते तेव्हा स्वतः उभे राहा.

शोरूमवाल्याचं म्हणणं अर्धं खरं. 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28वरून 18 टक्के झाला. जी गाडी शोरूम किमतीला 1 लाख 80 हजारांना होती, तिच्यावर हिशोबाने 14 हजारांच्या आसपास सुटतात. पण हा काही दिवाळीचा सेल नव्हे की उद्या संपेल. म्हणून "या आठवड्यात बुक करा" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन परत या. तुमच्या जुन्या गाडीला ते काय देणार ते मी न बघता सांगतो, तुम्हाला राग येईल इतकं कमी. पुराची गाडी आहे हे त्यांनी विचारलं तर लपवू नका. आणि बाहेर कुणा कॉलेजच्या पोराला विकणार असाल तर त्याने विचारलं नाही तरी सांगा.

नव्या गाडीच्या बाजूने एकच गोष्ट मला खरी वजनदार वाटते, ती म्हणजे ब्रेक. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक धरू न देणारी सोय, नाही. एप्रिल 2019पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे. आपले रस्ते तुम्ही जाणता. पहिल्या पावसात जांभ्याची लाल माती वाहून वळणावर येते, भातकापणीत पेंढा पसरलेला असतो, माडाच्या सावलीतलं डांबर शेवाळाने हिरवं असतं. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक घाबरून दाबला की चाक धरतं आणि गाडी आडवी. त्यात तुमच्या मॉडेलचे टायर आजच्या मानाने सडसडीत. तुम्ही पावसात ती काढणारच असाल, तर हा मुद्दा बाकी सगळ्या हिशोबाच्या वर ठेवा.

आणि नवी बघायला जाल तेव्हा वहिनींना सोबत न्या. तुमच्या गाडीची सीट एकसंध आहे, मागे माणूस बसू शकतो. हल्लीच्या बहुतेक आर-वन-फाइव्हची मागची सीट वेगळी, उंच आणि पाटाएवढी. त्यांना तिच्यावर दहा मिनिटं बसवा, मग किमतीचं बोला. स्कूटरचं त्या म्हणतात ते मला तर पटतं. मासे, नारळ, गॅसची टाकी, पाहुण्यांच्या बॅगा हे सगळं स्पोर्ट्स गाडीवरून आणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

भाच्याला सांगा, इलेक्ट्रिक येईल तेव्हा येईल. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते तिथे ती माझ्या मनात पहिल्या गाडीची जागा घेत नाही. येणाऱ्या मॉडेलसाठी थांबणं हा मला प्रश्नच वाटत नाही, कारण दरवर्षी काहीतरी येणारच असतं. तुम्ही थांबाल ती दोन वर्षं तुमची गाडी काय करत असेल, हा प्रश्न. ताडपत्रीखाली असेल तर थांबू नका, आजच द्या, निदान कोणीतरी चालवेल.

मला विचाराल तर असं करा. चेसिस टणक वाजली आणि आतली तांब्याची तार लाल निघाली, तर गाडी ठेवा, पासिंग वाढवून घ्या, आणि नव्या गाडीच्या पैशातून घरात एक स्कूटर आणा. मग आर-वन-फाइव्ह कोरड्या दिवसांची गाडी. नारळी पौर्णिमा ते शिमगा तुम्हाला तिच्यासाठी रस्ता मोकळा आहे, मध्ये पाऊस आला तर घरी. दहा दिवसांतून एकदा तरी पंधरा किलोमीटर न्या. पडवीत उभी ठेवून पाच मिनिटं गुरगुरवण्याचा उपयोग नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. फेरीबोटीने गेलात तर बोटीच्या पुढच्या फळीजवळ लावू नका, शिंतोडे सगळे तिथे येतात, आणि घरी आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग चहा. मिरगाच्या आधी टाकी काठोकाठ भरून, चेनला आणि उघड्या बोल्टांना ग्रीस फासून, टायर जमिनीवरून उचलून ठेवा.

चेसिस बद्द वाजली, तर मग इंजिन एक नंबर असो की दीड नंबर, मला पुन्हा विचारू नका. निळी टाकी तेवढी उतरवून घरात ठेवा, बाकीची रीतसर मोडीत द्या आणि नोंदणी रद्द केल्याचा कागद घ्या.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं निघायच्या आत, एप्रिलमध्येच हे बघून घ्या. चिमट्याच्या जागेचा उजेडात काढलेला फोटो पत्रासोबत पाठवलात तर पुढच्या अंकात त्यावर दोन ओळी लिहीन. आणि ती ताडपत्री पावसाळ्याच्या लाकडांवर घाला.