घरच्यांसमोर बोलताना हसू येतं

प्रश्न : 1924 च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनावर पाच मिनिटं बोलायचंय. घरात सराव करताना भाऊ चिडवतो, मलाही हसू येतं. काय करू?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : श्रोत्यांना रिकामं बसवलंत की ते चेष्टाच करणार. भावाला घड्याळ द्या; चार मिनिटं झाली की हात वर करायचा. आईला ‘म्हणजे’, ‘तर मग’ किती वेळा आलं ते मोजू द्या. आजीला सोप्याच्या टोकाला बसवा. शेवटचा शब्द तिथवर पोहोचला नाही, तर वाक्याच्या अखेरीस तुमचा श्वास संपतोय.

भाषण पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं तेवढं पाठ, बाकी कागदावर पाच मुद्दे. पाच मिनिटांना पाचशे-साडेपाचशे शब्द पुरे. सराव उभ्यानेच करा.

झाल्यावर ‘कसं झालं?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘काय लक्षात राहिलं?’ विचारा. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं ते एकमेव अधिवेशन, हेही कुणी सांगितलं नाही, तर तो मुद्दा वर आणा.

तीन फेऱ्यांनंतर घरच्यांना भाषण पाठ होतं, मग शेजारच्या कन्नड काकूंना बोलवा. त्यांना कळेल इतकं सावकाश बोललात की वेगही आटोक्यात येतो.