निरीक्षणाच्या रकान्यातली लाल रेघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वर्गातली मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात, सेमिनारला उभं राहिलं की तुझी जीभ अडखळते, आणि त्यावरून तू लिहिलंस, 'गावच्या शाळेत माझी वर्षं फुकट गेली.' अडखळण्याबद्दल पुढे लिहितो. आधी या वाक्याबद्दल, कारण ते मला लागलं. तुझ्याच हायस्कुलात तुझ्या कितीतरी आधी मी शिकलो, आणि पाटबंधारे खात्यात नोकरीभर जे कामाला आलं, त्यातलं बरंचसं तिथूनच घेतलेलं होतं.

विज्ञानाची प्रयोगवही आठव. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आम्हाला पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवायचा प्रयोग होता. मेणबत्ती विझली आणि जवळजवळ सगळ्या वर्गाने निरीक्षणाखाली लिहिलं, 'ग्लासातला ऑक्सिजन संपला.' सरांनी एकेक वही उघडून त्या ओळीवर लाल रेघ मारली. म्हणाले, "ऑक्सिजन संपताना कुणी पाहिला? ज्योत बारीक होत गेली आणि विझली, एवढंच दिसलं. दिसलं ते निरीक्षणात लिहा, वाटलं ते अनुमानात." पुढे कॉलेजात कळलं की मेणबत्ती विझते तेव्हाही ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणजे आमचं वाक्य अनुमान म्हणूनही कच्चं होतं.

ही रेघ मला कालव्यावर उपयोगी पडली. भरावातून पाणी पाझरू लागलं की जागेवर जमलेला प्रत्येकजण कारण सांगून मोकळा होतो. माती हलकी होती, पाऊस जास्त झाला, काम घाईत उरकलं. असेलही. पण मी आधी विचारायचो, पाणी कुठून येतंय, किती येतंय, नितळ आहे की गढूळ? गढूळ असेल तर पाण्याबरोबर भरावाची मातीही वाहून चाललीय, तिथे क्षणाचा उशीर परवडत नाही. नितळ असेल तर नजर ठेवून विचार करायला थोडी सवड मिळते. कारणाची चर्चा त्यानंतर. हे मला कुठल्या जाड पुस्तकाने शिकवलं नाही, आठवी-नववीच्या वहीने शिकवलं.

भूमितीचं तेच. पक्ष, साध्य, सिद्धता. दिलेलं काय आणि सिद्ध काय करायचंय, हे वेगवेगळं लिहिल्याशिवाय बाईंनी एक पायरी पुढे जाऊ दिलं नाही. आज तुळईचं गणित समोर आलं की तू आधी आकृती काढून त्यावर भार आणि अंतरं मांडतेस ना? ती सवय तुला इतकी अंगवळणी पडलीय की ती कुणी लावली हेच विसरायला झालंय. रोजचा परिपाठही तसाच. आज तुझी पाळी, उद्या दुसऱ्याची. बातम्या, सुविचार, दिनविशेष. सगळ्या शाळेसमोर उभं राहायची भीती तिथेच मोडली. आता अडतंय ते फक्त भाषेपाशी, माणसांसमोर उभं राहण्यापाशी नाही.

आणि ही शाळा तुझ्या वाट्याला आली कशी, हेही एकदा नीट समजून घे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. 1919 साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली, आणि शिक्षणासाठी स्वतः राबली. एकदा बोर्डिंगात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले होतेच, मंगळसूत्रही दिलं. आपली शाळा याच संस्थेची, तिच्या बोधचिन्हातला वड रोज तुझ्या डोळ्यांखालून जायचा. त्यामागे हे आहे. ज्या घरातून तू आणि मी आलो, त्या घरातलं मूल दहावीपर्यंत पोचणं ही शंभर वर्षांपूर्वी सहज घडणारी गोष्ट नव्हती. कुणीतरी ती घडवून आणली.

शाळेत सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. छड्या होत्या. कच्च्या मुलांना मागच्या बाकावर सोडून देणारे शिक्षकही होते, ते चूकच होतं. आणि इंग्रजी बोलायला शाळेने शिकवलं नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण ही उणीव भरून निघणारी आहे. रोज अर्धा तास तुझ्याच विषयाचं पाठ्यपुस्तक मोठ्याने वाच, मग पुस्तक मिटून तोच भाग इंग्रजीत स्वतःला समजावून सांग. मोडकंतोडकं चालेल. सेमिनारला पहिली चार वाक्यं पाठ करून जा, पुढची येतात. शंका मात्र मराठीत सुचली तर मराठीतच वहीत लिही. विचार करण्यासाठी तुला जी भाषा मिळालीय तिची लाज बाळगू नकोस.

अजून एक काम सांगतो, ते या आठवड्यात कर. ज्या बाईंनी तुला भूमिती शिकवली त्यांना पत्र लिही. 'तुमच्यामुळे घडले' असं मोघम नको, तसली वाक्यं निरोप समारंभात पुष्कळ ऐकून झालेली असतात. त्यांनी शिकवलेलं नेमकं काय, कुठल्या गणितात, कसं वापरलंस ते लिही. हवं तर आकृती काढून दाखव. शिक्षकाला आपलं काम पुढे कुठवर गेलं ते बहुधा कधी कळतच नाही. बाई आता निवृत्त झाल्यात, पण शाळेच्या ऑफिसात क्लार्कला विचारलंस तर त्यांच्याशी गाठ घालून देतील.

तुझा,
काका