डायलिसिस चालू असताना वडिलांना हिपॅटायटिस सी झाला, दाद कुठे मागायची?

जिल्हा ग्राहक आयोगाकडे नुकसानभरपाईची तक्रार करा, आणि साधारणपणे संसर्ग कळल्यापासून २ वर्षांच्या आत करा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. आधी सगळे केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा. ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डायलिसिसपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट तर जिवापाड जपा, कारण नुसत्या संसर्गावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हा संसर्ग तिथेच झाला हे दाखवावं लागतं. मात्र रुग्णालय सगळ्यांनाच पूर्ण मोफत उपचार देणारं असेल तर हा मार्ग बंद. मग दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागेल.