क्विटोला उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोतोपाक्सीला जाऊन यावे का?

आपण मालवणचे आहात, सह्याद्रीतील ट्रेकचा सराव आहे आणि इक्वेडोरची राजधानी क्विटो येथे पोहोचताच दुसऱ्या दिवशी कोतोपाक्सी हा बर्फाच्छादित ज्वालामुखी 'करून' यायचा आपला बेत आहे, तो जमेल का, असे आपण विचारले आहे. मी वेंगुर्ल्याचा, म्हणजे आपल्यासारखाच समुद्रसपाटीवरचा माणूस, आणि ही सहल केलेली असल्यामुळे सांगतो की ती एका दिवसात होते; मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊ नये, आणि तिच्यात शिखर धरू नये.

शिखर ५,८९७ मीटरांवर आहे. एकदिवसीय सहलीत गाडी सुमारे ४,६०० मीटरांवरील वाहनतळापर्यंत जाते आणि तेथून होसे रिबास या निवाऱ्यापर्यंत, म्हणजे साधारण ४,८०० मीटरांच्या थोडे वर, चालत जावे लागते. चढ जेमतेम अडीचशे मीटरांचा. आपल्याकडे कोणी त्याची दखलही घेणार नाही. पण तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो, आणि पायाखाली ज्वालामुखीची सैल, घसरती वाळू असल्यामुळे दहा-वीस पावलांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो. पायांतील ताकद येथे कामाची नाही. उलट सराव असलेली मंडळी सवयीने भरभर चढतात आणि डोकेदुखी व मळमळ त्यांनाच लवकर गाठते.

स्वतः क्विटोच २,८५० मीटरांवर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बाराशे मीटर उंच आहे. तेव्हा आधी तेथे किमान दोन-तीन दिवस निवांत राहावे, भरपूर पाणी प्यावे (घाम येत नसल्यामुळे कोकणी माणसाला तहानेची आठवणच राहत नाही) आणि मद्य टाळावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्स ही गोळी घ्यायची असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर. वर गेल्यावर तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर निवारा हाकेच्या अंतरावर असला तरी ताबडतोब खाली उतरावे.

सकाळी लवकर निघावे, कारण दुपारनंतर ढग बहुधा शिखर झाकून टाकतात. जाता-येता लिंपिओपुंगो सरोवराशी थांबल्यास शरीरालाही उसंत मिळते. कपड्यांत सुती बनियन नको, कारण एकदा ओले झाले की ते वाळत नाही. लोकरीचे कपडे आपल्याकडे सहसा नसतात, पण जाकीट व हातमोजे क्विटोत भाड्याने मिळतात, आणि पावसाळ्यातला चांगला रेनकोट वारा उत्तम अडवतो. विषुववृत्ताजवळचे ऊन आणि त्यात बर्फावरून येणारी तिरीप, यांमुळे काळा चष्मा मात्र हवाच. निवाऱ्याच्या वर हिमनदीची कड दिसते. तेथवर जाता आले तरी बर्फावर पाऊल ठेवू नये.

हा पर्वत जागा आहे, हेही लक्षात असू द्यावे. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वी निवाला. कोतोपाक्सी ऑगस्ट २०१५ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ पासून काही महिने राख ओकत होता, आणि अशा काळात वरची वाट बंद ठेवली जाते. तेथे लाव्हापेक्षा भय बर्फाचे अधिक असते. १८७७ च्या उद्रेकात माथ्यावरील बर्फ वितळून चिखलाचे प्रचंड लोट दऱ्यांतून सुटले आणि त्यांनी लाताकुंगा शहर उद्ध्वस्त केले. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी इक्वेडोरच्या भूभौतिकी संस्थेचे ताजे निवेदन पाहावे. ते स्पॅनिशमध्ये असले तरी धोक्याचा स्तर सहज कळतो.

शिखरच गाठायचे असेल, तर त्यासाठी वेगळे दोन दिवस काढावेत, आधी एखाद्या कमी उंचीच्या पर्वतावर सराव करावा आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शक घ्यावा. निवाऱ्यावर संध्याकाळीच आडवे होऊन मध्यरात्रीच्या सुमारास निघतात, कारण ऊन चढून बर्फ मऊ होण्याआधी खाली परतायचे असते.